राजीनामा

‘राजीनामा’ हा शब्द आज उच्चारला की डोळ्यांपुढे एखादा मंत्री उभा राहतो, किंवा नोकरीला कंटाळलेला माणूस. जुन्या मोडी कागदांत मात्र हा शब्द वेगळ्या अर्थाने भेटतो. आपण राजी आहोत असे ज्यात लिहून दिले, तो राजीनामा. पेशवाईच्या काळी वतनावरून, शिवेवरून किंवा देण्याघेण्यावरून तंटा पडला आणि तो पंचांपुढे न्यायचा ठरला, की दोन्ही पक्षांकडून राजीनामा लिहून घेत. अमुक अमुक पंच आम्हांस मान्य आहेत, ते करतील तो निवाडा आम्ही मानू, असा त्याचा आशय असे. पुढे महसुली व्यवहारात जमीन सोडून दिल्याच्या कागदाला हाच शब्द लागला. एकाने राजीनामा द्यायचा आणि दुसऱ्याने त्या जमिनीची कबुलायत लिहायची. तेथून तो नोकरी सोडण्याच्या अर्जापर्यंत येऊन पोहोचला. संमती देणारा शब्द हक्क सोडणारा कसा झाला, याचे मला नेहमी कुतूहल वाटे. निवृत्तीनंतर कर्जाचे आणि क्रेडिट कार्डाचे काही छापील करार सवडीने वाचण्याचा योग आला, तेव्हा लक्षात आले की हे दोन्ही अर्थ एकाच कलमात सुखाने नांदू शकतात. त्या कलमाविषयी चार शब्द लिहावेत असे वाटले.

माझी उभी नोकरी मध्य प्रदेश शासनाच्या मुद्रांक व पंजीयन खात्यात गेली. महू, खरगोन, धार, देवास अशी गावे फिरत फिरत शेवटी इंदूरला येऊन स्थिरावलो. खात्याबाहेरच्या लोकांची अशी समजूत असते की दस्त नोंदवणारा अधिकारी दस्ताचा बरेवाईटपणा तपासतो. वस्तुतः १९०८ च्या पंजीयन कायद्याने त्याच्यावर टाकलेले काम मर्यादित होते. समोर उभा असलेला माणूस तोच आहे ना, आणि हा दस्त आपण करून दिला असे तो कबूल करतो ना, एवढे पाहायचे. परंतु माझ्या पहिल्या वरिष्ठांनी मला एक सवय लावली. अंगठा उठवणारा माणूस असेल तर दस्तातला मुख्य मजकूर त्याला त्याच्या बोलीत ऐकवायचा आणि मगच विचारायचे, “समजले का? मान्य आहे का?” यात वेळ जाई, दस्तलेखक वैतागत, बाहेर रांग खोळंबे. तरीही ही सवय मी शेवटपर्यंत सोडली नाही.

तिचे मोल कळावे म्हणून एक प्रसंग सांगतो. निमाडातल्या एका गावची वृद्ध शेतकरी बाई शेताचा तुकडा विकायला आली होती. मी चतुःसीमा वाचून दाखवली, पुढे झाडझाडोरा वाचला आणि “विहिरीसह” हा शब्द आला. बाईने शाईला लावलेला अंगठा मागे घेतला. विहीर आपण विकलेलीच नाही, ती धाकट्या मुलाच्या वाटणीची, असे तिने निमाडीत ठणकावून सांगितले. खरेदीदार बरीच सारवासारव करीत राहिला; पण दस्त परत गेला आणि दुसऱ्या दिवशी विहीर वगळून आला. त्या बाईला अक्षरओळख नव्हती. तिच्यापाशी दोनच गोष्टी होत्या. मजकूर तिच्या कानावर पडला होता आणि अंगठा मागे घेण्याची मुभा तिला होती. या दोन गोष्टी असल्या की निरक्षर माणसाचीही संमती खरी असते, आणि त्या नसल्या तर पदवीधराची सहीदेखील नुसती शाई ठरते.

२०२२ साली काही महिने आम्ही उभयता मुलीकडे अमेरिकेत ओहायो राज्यात राहिलो. एका संध्याकाळी ती कार्डाचे महिनेवारी पत्रक चाळत होती. त्यात कसल्याशा संरक्षण योजनेचे दरमहा नऊ डॉलर चौदा महिने लागत आलेले दिसले. अशी योजना तिने कधी मागितली नव्हती. फोनवर तासभर घालवल्यावर कंपनीने योजना बंद केली, दोन महिन्यांचे पैसे परत दिले आणि उरलेल्यांबाबत हात वर केले. राहिले एकशे आठ डॉलर.

“बाबा, जाऊ द्या,” ती म्हणाली. “एवढ्यासाठी एक दिवसाची रजा घेतली तरी नुकसान माझंच.”

तिच्या कचेरीतल्या आणखी दोघींना हाच अनुभव आला होता. त्यांचाही हिशेब हाच. मी म्हटले, “मग तिघींनी मिळून, किंवा असे जेवढे असतील तेवढ्यांनी मिळून, एकच दावा लावावा. तुमच्याकडे तशी सोय आहे असे ऐकतो.” तिने हसून कार्डाचा करार माझ्यापुढे ठेवला. मला दस्त वाचण्याची हौस आहे हे तिला ठाऊक होते.

बारीक टंकातला तो करार मी दोन दिवस वाचला. त्यात एक कलम असे होते की दोहोंपैकी कोणत्याही पक्षाने मागणी केल्यास तंटा न्यायालयात न जाता लवादापुढे जाईल. दुसरे असे की ग्राहकाने आपला तंटा एकट्यानेच मांडायचा. इतरांच्या वतीने किंवा इतरांसह सामूहिक दावा, ज्याला तेथे ‘क्लास ॲक्शन’ म्हणतात, तो न्यायालयातही लावायचा नाही आणि लवादापुढेही नाही. हे नको असेल तर खाते उघडल्यापासून साठ दिवसांत लेखी पत्र पाठवून कळवण्याची मुभा होती, आणि ते साठ दिवस केव्हाच उलटून गेले होते. लहान रकमेच्या दाव्यांसाठी तेथे जे सोपे न्यायालय असते, त्याचे दार मात्र या कराराने उघडे ठेवले होते, हेही सांगितले पाहिजे. म्हणजे माझ्या मुलीला एकटीने जाण्याची वाट होती. बंद होती ती तिघींनी मिळून जाण्याची वाट.

एकशे आठ डॉलरसाठी एकेकटा माणूस काय करतो? बहुतेक काहीच करत नाही. रिचर्ड पोस्नर नावाच्या तेथील नामांकित न्यायाधीशांनी २००४ सालच्या एका निकालात हे फार स्पष्टपणे मांडले आहे. तो खटला कर-परताव्याच्या भरवशावर दिल्या जाणाऱ्या कर्जांचा होता. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा की सामूहिक दावा नाकारला म्हणून त्याच्या जागी एक कोटी सत्तर लाख स्वतंत्र दावे उभे राहत नाहीत, एकही उभा राहत नाही; कारण तीस डॉलरसाठी दावा लावणारा माणूस एक तर वेडा असतो किंवा हट्टाला पेटलेला. प्रत्येकाचे नुकसान रजेच्या एका दिवसापेक्षा कमी ठेवायचे आणि सर्वांना एकत्र येण्यास मनाई करायची, एवढे जमले की नुकसान करणाऱ्याला कोणत्याही न्यायाधीशाची भीती उरत नाही.

या कलमाचा इतिहास मी नंतर शोधून वाचला. अमेरिकेचा लवादाचा कायदा १९२५ चा. त्या वेळी डोळ्यांपुढे होते ते मुख्यतः व्यापारी. कापसाचा किंवा धान्याचा सौदा बिघडला तर दोन जाणत्या व्यापाऱ्यांनी तिसऱ्या जाणत्याकडे जावे आणि न्यायालयाने त्यांच्या करारास मान द्यावा, हा हेतू. पुढे हे कलम व्यापाऱ्यांच्या करारातून निघून गिऱ्हाइकाच्या करारात शिरले. कॅलिफोर्नियातल्या एका दांपत्याला ‘फुकट’ म्हणून दिलेल्या फोनवर ३० डॉलर २२ सेंट विक्रीकर लावला गेला. त्यावरचा तंटा देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. अशा करारांतली सामूहिक दाव्याची मनाई कॅलिफोर्नियाच्या न्यायालयांनी अन्याय्य ठरवली होती. एप्रिल २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मताने सांगितले, की १९२५ च्या कायद्यापुढे राज्याचा हा नियम टिकणार नाही. त्या दिवसापासून हे कलम भक्कम झाले.

२००८ च्या आर्थिक पडझडीनंतर, २०१० च्या कायद्याने तेथे ग्राहकांच्या आर्थिक संरक्षणासाठी एक स्वतंत्र कार्यालय निर्माण झाले. या कलमांचा अभ्यास करण्याचे काम कायद्यानेच त्याच्यावर सोपवले होते. त्याचा अहवाल मार्च २०१५ मध्ये निघाला. सरकारी अहवाल वाचण्यात माझी हयात गेली असल्याने मी तो आवडीने वाचला. कार्डाच्या करारात लवादाचे कलम असलेल्या ग्राहकांपैकी सात टक्क्यांहूनही कमी लोकांना आपण न्यायालयात जाऊ शकत नाही याची जाणीव होती. सहा प्रकारच्या आर्थिक सेवांबाबत प्रमुख लवाद संस्थेकडे वर्षाकाठी दाखल होणारी प्रकरणे, ग्राहकांची आणि कंपन्यांची मिळून, सहाशेच्या आसपास होती. आणि २००८ ते २०१२ या पाच वर्षांत न्यायालयांनी मंजूर केलेल्या सुमारे चारशे वीस सामूहिक समझोत्यांचा लाभ मिळण्यास सुमारे सोळा कोटी लोक पात्र ठरले होते. कोट्यवधी ग्राहकांच्या त्या देशात वर्षाला सहाशे! पाणंदीतून कोणी जात नाही यावरून ती पाणंद वाहती आहे असे म्हणता येत नाही.

दुसरी बाजू सांगितली नाही तर लेख एकतर्फी होईल. सामूहिक दाव्यांत वकिलांचे उखळ पांढरे होते, हा आक्षेप खोटा नाही. त्याच अहवालानुसार या समझोत्यांत वकिलांना सुमारे बेचाळीस कोटी डॉलर मिळाले. आणि ज्यांना प्रत्यक्ष रोख रक्कम मिळायची होती त्या सुमारे तीन कोटी चाळीस लाख लोकांच्या वाट्याला एकूण सुमारे एकशे दहा कोटी आले, म्हणजे माणशी बत्तीस-तेहतीस डॉलर. लवादाचे काम न्यायालयापेक्षा लवकर आटोपते आणि बऱ्याच करारांत त्याच्या खर्चाचा मोठा भाग कंपनी उचलते, हेही खरे. ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ असे म्हणणाऱ्या समाजातल्या माणसाने लवादाला सरसकट नावे ठेवणे शोभत नाही. दिवाणी दाव्यात आजाने लावलेला खटला नातवाने लढवलेला मी पाहिला आहे.

पण मग प्रश्न असा, की लवाद इतका गुणाचा असेल तर तंटा उभा राहिल्यावर गिऱ्हाइकाला विचारण्यास हरकत कोणती? या बाबतीत एक गोष्ट मला फार बोलकी वाटली. मोटारी विकणारे तेथील व्यापारी गिऱ्हाइकांच्या करारात लवादाचे कलम सर्रास घालतात. परंतु मोटारी बनवणाऱ्या कंपन्यांनी तेच कलम या व्यापाऱ्यांच्या करारात घातले, तेव्हा ते त्यांना जाचक वाटले. त्यांनी आपल्या लोकप्रतिनिधींकडे दाद मागितली आणि २००२ मध्ये त्यांच्यापुरता कायदा झाला, की तंटा उद्भवल्यानंतर दोन्ही पक्षांनी लेखी संमती दिली तरच लवाद नेमता येईल. ज्यांना कलम वाचता आले आणि ज्यांची संघटना होती, ते त्यातून सुटले. लष्करातल्या कर्जदारांना २००६ च्या कायद्याने आणि घरकर्ज घेणाऱ्यांना २०१० च्या कायद्याने असे संरक्षण मिळाले. उरला तो सामान्य खातेदार.

लवाद नेमणारी संस्थाच तटस्थ नसेल तर काय होते, याचेही उदाहरण तेथे घडले. मिनेसोटा राज्यातली एक मोठी लवाद संस्था कार्डाच्या थकबाकीची प्रकरणे मोठ्या संख्येने निकाली काढत असे. तिचे आर्थिक लागेबांधे वसुलीच्या व्यवसायाशीच आहेत, असा आरोप करून जुलै २००९ मध्ये राज्याच्या महाधिवक्त्यांनी तिच्यावर दावा लावला. काही दिवसांतच त्या संस्थेने ग्राहकांची प्रकरणे घेणे बंद करण्याचे मान्य केले. ‘पाचामुखी परमेश्वर’ ही आपली म्हण. येथे परमेश्वराचा पत्ता एकाच पक्षाला ठाऊक होता.

ग्राहक संरक्षणाच्या त्या कार्यालयाने जुलै २०१७ मध्ये नियम केला. लवादाचे कलम राहू द्या, पण त्याच्या आडोशाने सामूहिक दावा अडवता येणार नाही, एवढेच त्याने म्हटले होते. २४ ऑक्टोबर २०१७ च्या रात्री तेथील वरिष्ठ सभागृहात हा नियम रद्द करण्याच्या ठरावावर पन्नास-पन्नास अशी समसमान मते पडली. उपाध्यक्ष पेन्स यांनी आपले निर्णायक मत ठरावाच्या बाजूने टाकले आणि १ नोव्हेंबरला अध्यक्ष ट्रम्प यांनी त्यावर सही केली. ज्या कायद्याखाली हे घडले त्याची तरतूद अशी, की रद्द झालेल्या नियमासारखाच नियम त्या कार्यालयाला नव्या कायद्याशिवाय पुन्हा करता येत नाही. एका मताने दार लागले आणि त्यावर कुलूपही पडले.

या कथेला एक उपकथा आहे. सर्वांनी मिळून येऊ नका म्हणता ना, मग आम्ही एकेकटे येतो, पण सगळे एकाच वेळी, अशी युक्ति काही वकिलांनी काढली. ॲमेझॉन कंपनीपुढे लवादाच्या पंचाहत्तर हजारांहून अधिक स्वतंत्र मागण्या येऊन पडल्या. प्रत्येक मागणीचे शुल्क कंपनीने भरायचे असल्याने तो आकडा कोटींत गेला. २०२१ मध्ये कंपनीने आपल्या ग्राहक-करारातून ते कलमच काढून टाकले. स्वस्त आणि सुटसुटीत म्हणून ज्या पद्धतीची थोरवी गायिली जात होती, ती लोक खरोखर वापरू लागताच महाग ठरली. लवादाचे मोल बहुधा कोणी न येण्यातच होते, हे यातून उघड झाले.

माझ्या मुलीचे पुढे काय झाले तेही सांगतो. त्याच सरकारी कार्यालयाकडे तिने तक्रार नोंदवली. तीन आठवड्यांत कंपनीचे पत्र आले आणि एकशे आठ डॉलर खात्यात जमा झाले. चूक झाल्याचे पत्रात कोठे म्हटले नव्हते. केवळ सद्भावना म्हणून पैसे परत देत आहोत, असे होते. तिच्या दोन मैत्रिणींनी तक्रार केली नव्हती. त्यांना काही मिळाले नाही. तिघींवर झालेला अन्याय एकच, पण न्याय मिळाला तो फक्त मागणारीला. सामूहिक दाव्याचा उपयोग असतो तो नेमका येथे. न मागणाऱ्याच्या वतीनेही त्यात कोणीतरी मागत असते.

आपल्याकडची स्थिती या बाबतीत बरी आहे, हे सांगताना आनंद होतो. आपला १८७२ चा करार कायदा असे म्हणतो, की न्यायालयात जाण्यास पूर्ण मनाई करणारा करार शून्य. त्याला लवादाचा अपवाद आहे. पण १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने दिलेला उपाय इतर कायद्यांव्यतिरिक्त आणि जादा आहे. करारात लवादाचे कलम असले तरी ग्राहक मंचाचे दार बंद होत नाही, ही भूमिका सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी घेतली आणि डिसेंबर २०१८ मध्ये पुन्हा एकदा स्पष्ट केली. समान तक्रार असलेल्या अनेक ग्राहकांच्या वतीने, आयोगाच्या परवानगीने, एकाने तक्रार करण्याची सोय १९८६ च्या कायद्यात होती आणि २०१९ च्या कायद्यातही आहे. नव्या कायद्यात ‘अन्याय्य करार’ अशी एक व्याख्याही आली आहे. पण त्या व्याख्येखालील तक्रार जिल्हा आयोगाकडे करता येत नाही. ती राज्य आयोगाकडे करावी लागते, म्हणजे आम्हां इंदूरकरांना भोपाळ. छापील अटींविषयी आपली न्यायालये पूर्वीपासून सावध आहेत. धुलाईला दिलेली नवी साडी हरवली तर अर्धीच किंमत मिळेल, ही पावतीच्या मागची अट मद्रास उच्च न्यायालयाने १९६५ मध्येच अमान्य केली होती.

परंतु आपण ग्राहक म्हणून तक्रार घेऊन जातो तेव्हाची ही गोष्ट झाली. कर्ज देणारी कंपनीच आपल्यावर चालून येते तेव्हा चित्र पालटते. आमच्या गल्लीत एक निवृत्त शिक्षक राहतात. त्यांच्या मुलाने २०१८ मध्ये एका वित्त कंपनीकडून कर्ज काढून माल वाहण्याची लोडिंग रिक्षा घेतली. २०२० च्या टाळेबंदीत धंदा बसला आणि हप्ते थकले. पुढे त्याने तीन हप्ते वसुलीला येणाऱ्या माणसाकडे रोख भरले. त्याच्या पावत्या होत्या, पण ते हप्ते खात्यात जमा दिसत नव्हते. तंटा एवढाच. एके दिवशी पोस्टाने इंग्रजीतला लिफाफा आला.

“काका, हे काय आहे, जरा पाहता का?” मुलगा घेऊन आला.

“अरे, दूरच्या महानगरातल्या एका वकिलाला तुझ्या कंपनीने लवाद नेमले आहे. तुला त्याच्यापुढे हजर व्हायचे आहे.”

“पण मी तर कोणाला नेमलं नाही!”

“करारात तू तो अधिकार कंपनीला लिहून दिला आहेस.”

तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “काका, त्या दिवशी चौतीस ठिकाणी सह्या घेतल्या. कुठे करायची तेवढं बोटानं दाखवत होते.”

महानगराला जाण्यायेण्याचा, राहण्याचा आणि वकिलाचा खर्च तंट्याच्या रकमेहून अधिक होता. आम्ही पावत्यांच्या प्रती जोडून रजिस्टर पत्र पाठवले. त्याचा उल्लेखही न करता एकतर्फी निवाडा झाला. त्याआधीच लवादाच्या अंतरिम आदेशावर रिक्षा उचलली गेली होती आणि विकलीही गेली होती. कायद्याने लवादाचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याप्रमाणे अमलात येतो. उरलेल्या रकमेच्या वसुलीसाठी कंपनी इंदूरच्या न्यायालयात आली, तेव्हा एका तरुण वकिलाने हरकत घेतली. लवाद कायद्यात २०१५ मध्ये दुरुस्ती झाली आहे आणि निकालात ज्याचा स्वार्थ आहे त्याने एकट्याने एकमेव लवाद नेमू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले आहे, हे त्याने दाखवून दिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर घटनापीठाने सरकारी कंपन्यांच्या करारांतली अशी एकतर्फी नेमणूक समतेच्या तत्त्वाला बाधक ठरवली आहे. हरकत दाखल होताच कंपनीने समझोत्याची तयारी दाखवली आणि उरलेली मागणी सोडून दिली. कायदा मुलाच्या बाजूने होता, पण तो त्याच्यापर्यंत येईतो रिक्षा दुसऱ्याच्या दारात उभी राहिली होती. मास्तरांनी आपल्या निवृत्तिवेतनातून सव्वादोन वर्षे घर चालवले.

जुन्या राजीनाम्याची मला आठवण होते ती अशा वेळी. जुन्या पंचायतीत सारे आलबेल होते असे मी म्हणणार नाही. तेथेही जात होती, दबाव होता, वशिला होता. पण तिच्या रीतीत एक शहाणपण होते. आधी तंटा उभा राही, मग संमती मागितली जाई. कशाविषयी आणि कोणापुढे हे दोन्ही माहीत असताना माणूस राजी होई. पंच त्याच मुलखातले असत, त्यांना उद्या त्याच लोकांत वावरायचे असे. आज तंटा जन्मण्याआधी, त्याचे स्वरूप ठाऊक नसताना, अनोळखी पंचाला, बारीक टंकात संमती दिली जाते आणि त्याबरोबरच शेजाऱ्यासह दाद मागण्याचा हक्कही सोडून दिला जातो. अमेरिकेच्या त्या २०१० च्या कायद्यातसुद्धा तंटा उद्भवल्यानंतर स्वखुशीने पत्करलेल्या लवादाला मुभाच आहे. आक्षेप लवादाला नाही, तर आगाऊ घेतलेल्या राजीनाम्याला आहे. आपल्या कायदेकर्त्यांनीही कर्जाच्या छापील करारांसाठी एवढी एकच अट घालावी, की लवादाची संमती तंट्यानंतर, कर्जदाराच्या भाषेत आणि वेगळ्या कागदावर घेतली जावी. यात कोणाचेही न्याय्य हित बुडत नाही. दस्त वाचून दाखवायला मला जो वेळ लागे, त्याहून अधिक वेळ यात जाणार नाही.

गेल्या वर्षी मास्तरांच्या मुलाने पुन्हा रिक्षा घ्यायचे ठरवले. एका मोठ्या कंपनीच्या कचेरीत मला घेऊन गेला. मी ते कलम काढून त्याला हिंदीत वाचून दाखवले. त्याने समोरच्या अधिकाऱ्याला विचारले, “साहेब, हे एवढं खोडता येईल का?” अधिकारी सज्जन होता. म्हणाला, मसुदा मुंबईहून येतो, त्यातला स्वल्पविरामही आम्हांला बदलता येत नाही. मुलगा उठला. कर्ज त्याने आमच्याच भागातल्या एका सहकारी पतसंस्थेकडून घेतले. व्याज दीड टक्का जास्त आहे. मी कारण विचारले तर म्हणाला, “काका, इथल्या अध्यक्षांचं घर मला माहीत आहे. भांडण झालंच तर चालत जाऊन भांडता येईल.” रिक्षा चालू आहे आणि हप्ते वेळेवर जातात.